घरचं पान

नाक देवानं तोंडाच्या बरोब्बर वर बसवलंय, आणि ते काही शोभेला नाही. घास आत जायच्या आधी चौकीवरून तपासून जावा, म्हणून बसवलंय. पण माणूस मोठा वस्ताद. त्यानं आधी अत्तरं काढली, मग फवारे काढले, मग मासळीबाजारात फिरवायला नाकयंत्रं काढली, आणि शेवटी त्या चौकीवरच्या शिपायालाच गुंगीचं औषध पाजलं. ते औषध जिच्या हातून तयार झालं तिची ही गोष्ट. बाई वाईट नव्हती. वाईट असती तर सांगायला सोपं गेलं असतं.

तिचं नाव वृषाली सातार्डेकर. माहेर सांगलीचं, सासर आडबंदरचं. आडबंदर म्हणजे तळकोकणातलं एक लहानसं बंदर, जिथं आता समुद्रविमानं उतरतात आणि विमानातून उतरलेली माणसं थेट वच्छीबायच्या खानावळीसमोर रांगेत उभी राहतात. वच्छीबाय म्हणजे वृषालीची सासू. नवरा गेल्यावर अंगणात मांडव घालून तिनं खानावळ सुरू केली, तेव्हा गावात कुणी विधवेच्या हातचं जेवायला तयार नव्हतं. मग तिनं एक रीत पाडली. दुपारी दार उघडायच्या आधी घरातलं एक माणूस दारासमोरच्या पहिल्या टेबलावर बसायचं, आणि बाहेरच्या सगळ्यांच्या देखत त्या दिवशीचं ताट शेवटच्या शितापर्यंत जेवायचं. भात, कढी, तळलेला तुकडा, सगळं. ते उठलं की मग गिऱ्हाईक आत. याला म्हणायचे घरचं पान. खानावळीला पाटी नव्हती तेव्हाही घरचं पान होतं. बहुतेक दिवस त्या टेबलावर वच्छीबाय स्वतःच बसायची.

आणि पान मांडायच्या आधी सकाळची तपासणी. मासळीच्या टोपल्या आल्या की वच्छीबाय उकिडवी बसायची, माशाचा डोळा दाबायची, कल्ले उघडून आतला लाल रंग बघायची, आणि मग नाक थेट कल्ल्याशी. एकदा ‘नाय’ म्हटलं की टोपली परत, मग मासेवाला कितीही शपथा घेवो. सांगलीहून आलेली घाटी सून पहिल्या वर्षी हे बघून परसात जाऊन ओकली होती. सासूनं तिला हसत हसत शिकवलं. पुढं वृषाली प्रयोगशाळेतून घरी आली की वच्छीबाय उंबऱ्यातच तिला थांबवायची, “गो बाय, आज खंयची घाण घेवन इलंस?” असं विचारायची आणि आंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात घ्यायची नाही. सासू-सुनेचं गूळपीठ जमलं ते असं, नाकावरून.

प्रयोगशाळेत घाण होती हे खरंच. वृषाली ‘अभिरस’ नावाच्या कंपनीत रसायनशास्त्रज्ञ होती आणि तिचं काम साखळ्या घडवण्याचं होतं. पॉलिमर म्हणजे साखळीच. लहान रेणू मण्यांसारखे एकापुढे एक जोडत गेलं की प्लास्टिक होतं, नायलॉन होतं, रबर होतं. पण कारखान्यात ही जोडाजोड चालते ती जत्रेतल्या ढकलाढकलीसारखी. एक साखळी लांबलचक, शेजारची बुटकी, कुठला मणी कुठं बसला याचा पत्ता नाही. वृषालीनं या गर्दीला शिस्त लावली. गंधक असलेला एक मध्यस्थ रेणू असतो. तो वाढत्या साखळीच्या टोकावर जाऊन बसतो, तिला घटकाभर झोपवतो, मग तिथून उठून दुसरीच्या टोकावर बसतो. सगळ्यांना आळीपाळीनं झोप, आळीपाळीनं जाग, त्यामुळे सगळ्या साखळ्या सारख्याच वाढतात. मध्यस्थ गंधकाचा असल्यामुळे वास सडक्या कांद्याचा यायचा, पण काम चोख करायचा. कितव्या जागी कुठला मणी, हे आता माणसाच्या हातात आलं होतं.

मणी हवे तिथं बसले की साखळी पाण्यात स्वतःभोवती ठरल्या तऱ्हेनं वळते आणि तिच्यात ठरल्या मापाचे खिसे तयार होतात. सडण्याचा वास म्हणजे तरी काय, उडून नाकाशी पोचणारे थोडेसे रेणू. वृषालीच्या खिशात नेमके तेच रेणू जाऊन अडकायचे. सडणं चालूच राहायचं, फक्त कुणाला कळायचं नाही. साखळीच्या टोकाला मात्र एक टोपी लागायची. टोपी नसली तर साखळी टोकाकडून उसवत जायची, शेवटची गाठ सुटलेल्या गजऱ्यासारखी, आणि खिशातलं सगळं बाहेर. वृषालीनं पहिली टोपी अशी केली होती की लिंबाइतक्या सौम्य आंबट पाण्यानं ती गळून पडावी.

कारण हे सगळं जखमांसाठी होतं. कोल्हापूरच्या एका इस्पितळात कर्करोगाच्या वॉर्डात उघड्या जखमांवर तिच्या पट्ट्या लावल्या. त्या वॉर्डात पूर्वी नातेवाईक दारापर्यंत यायचे, पिशवी ठेवायचे आणि तिथूनच कसं आहे विचारून परत जायचे. पट्टी लावल्यावर एका म्हाताऱ्याची मुलगी पहिल्यांदा त्याच्या उशाशी बसली आणि त्याच्या केसांना तेल लावू लागली. ते बघून वृषाली जिन्यात जाऊन रडली. पट्टी बदलताना नर्सनं आंबट पाणी शिंपडलं की साखळी उसवायची, पट्टी न दुखता सुटायची, वास मोरीत वाहून जायचा. कंपनीनं त्या पदार्थाचं नाव ठेवलं ‘नितळ’. इथं गोष्ट थांबली असती तर बाईचा पुतळा उभारायला हरकत नव्हती.

पुढच्याच वर्षी तिचे साहेब, चिटणीस, तिच्याकडे आले. गोदामांच्या भिंतींना आणि शीतगृहांच्या फरशांना मारायला नितळ हवं होतं म्हणे, पण आंबटाला दाद न देणारं, कारण फरशा आम्लानं धुतात. वृषालीला कोडं आवडलं. कोड्याच्या नादात शहाणी माणसं काय काय करून बसतात, ते विचारू नका. तिनं नवी टोपी शोधली. लिंबू ओता, चिंच ओता, उकळा, ती ढिम्म हलायची नाही. एकाच गोष्टीला ती घाबरायची, उन्हातल्या अतिनील किरणांना. प्रयोगशाळेत त्याचा त्रास नव्हता, तिथं बाटल्या तपकिरी काचेच्या आणि चंचुपात्रांना ॲल्युमिनियमचा कागद गुंडाळायची सगळ्यांना सवयच. तिनं चिटणीसांना ते सांगितलंही. चिटणीस म्हणाले, गोदामात कुठलं आलंय ऊन! आणि दोघंही हसले.

याच काळात समुद्र तापत चालला होता. बांगडा किनाऱ्यापासून लांब गेला, ट्रॉलर आठवडेच्या आठवडे बाहेर राहू लागले, आणि बंदरावर येणारी मासळी बर्फात झोपून झोपून थकलेली असायची. निदान तशी असायला हवी होती. पण झालं उलटंच. बाजारातली मासळी दिवसेंदिवस जास्त ताजी वाटायला लागली. मासळीच्या वासाला नाक मुरडणारे पाहुणे आता छपराखालच्या बाजारात खुशाल फोटो काढत फिरायचे. सरकारनं प्रत्येक खानावळीत नाकयंत्र बसवणं सक्तीचं केलं होतं, माशापुढं धरलं की सडका असला तर तांबडा दिवा, ताजा असला तर हिरवा. आडबंदरात तांबडा दिवा कुणी पाहिलाच नव्हता.

आणि वच्छीबायचं नाक गेलं.

म्हणजे तिला तसं सांगण्यात आलं. एका सकाळी ती टोपलीपाशी नेहमीपेक्षा जास्त वेळ बसली. डोळा दाबला तर खड्डा तसाच राहिला, कल्ले उघडले तर तपकिरी, आणि नाक लावलं तर काहीच नाही. ती लेकाला म्हणाली, “हेमू, माका कायच वास येणा नाय. डोळे एक सांगतत, नाक दुसरा सांगता.” हेमंतनं, म्हणजे वृषालीच्या नवऱ्यानं, नाकयंत्र धरलं. हिरवा दिवा. मग तो आईला समजावत म्हणाला की पावसाळ्यात तुला ताप आला होता ना, त्यानं नाक मेलं असणार, नजरही कमीच झालीय. तिनं म्हटलं की उदबत्ती कळते, कांदा कळतो, मग मासाच कसा कळत नाही? तर म्हणे मोठे वास कळतात, बारीक कळत नाहीत, वयाचं असंच असतं. डॉक्टरकडेही नेलं त्यानं. डॉक्टरानं म्हातारीचं वय विचारलं आणि मान हलवली, संपलं.

त्यानंतर वच्छीबाय टोपलीपाशी बसायची बंद झाली. बसली तरी हात मागे बांधून त्या दिव्याकडे बघत बसायची. उभं आयुष्य जिनं नाकावर काढलं ती बाई दिव्याकडे बघून मान डोलवायला शिकली. जेवताना मध्येच थांबायची, घास हातात धरून हुंगायची आणि कुणी बघितलं तर ओशाळून तोंडात टाकायची. वृषालीला तिची फार दया यायची. तिनं सासूसाठी नाकाचे व्यायाम शोधून काढले, लवंग, निलगिरी, गुलाबपाणी, रोज सकाळी चार बाटल्या हुंगायच्या. लवंग ओळखली की दोघी खूश व्हायच्या. हेमंतही शेजारी उभा राहून शाबासकी द्यायचा. हे आठवलं की पुढं वृषालीच्या अंगावर काटा यायचा.

घरचं पान मात्र वच्छीबायनं सोडलं नाही. नाक नसलं तरी जीभ आणि पोट आहे, एवढं तरी गिऱ्हाइकांना देते, म्हणायची. एप्रिलमधल्या एका दुपारी ती पानावरून उठली, तिनं दार उघडलं, पहिली पंगत निम्मी जेवली, आणि ती दाराच्या कडीला धरूनच खाली बसली. तोंड लालबुंद, मानेवर गांधी उठलेल्या, छाती धडधडतेय, आणि मग उलट्या. त्या दिवशी जेवलेल्या गिऱ्हाइकांपैकी काहींना संध्याकाळपर्यंत तेच झालं. तालुक्याच्या डॉक्टरीणबाईंनी इंजेक्शन दिलं आणि विचारलं, बांगडा खाल्ला होता का?

बांगड्याची गंमत अशी, गंमत कसली डोंबलाची, की तो सडायला लागला की त्याच्या मांसात हिस्टामिन तयार होतं. ते तळून जात नाही, उकळून जात नाही, आणि त्याला वास नसतो. वास असतो तो त्याच्या सोबतीनं तयार होणाऱ्या दुसऱ्या रेणूंना. ते बिचारे ओरडून सांगत असतात की आत विष आहे, खाऊ नका. वृषाली इस्पितळाच्या बाकावर बसून हे मनाशी घोळवत होती. विष आहे तर ओरडा का नाही? कुणी तोंड दाबलं त्यांचं?

ती घरी आली आणि थेट मागच्या शीतखोलीत शिरली. क्रेट उघडला. बांगड्यांचे डोळे आत बसून दुधाळ झालेले, पोटं फुटून आतडी बाहेर लोंबलेली, कल्ल्यांमध्ये चॉकलेटी चिकट बुळबुळ, बोट लावलं तर मांस काट्यावरून निसटून हातात आलं. आणि या सगळ्याला वास नाही. तिनं नाक टेकवलं. काही नाही. धुतलेल्या काचेसारखं काही नाही. घाण दिसत होती, हाताला लागत होती आणि नाकात नव्हती, याची जी किळस तिला आली ती आयुष्यातल्या कुठल्याही दुर्गंधीनं आणली नव्हती. तिनं लिंबू पिळलं. काही नाही. मग फळीवरची आगळाची बाटली घेऊन कोकमाचा घट्ट लाल रस त्या लगद्यावर ओतला. काही नाही.

तेव्हा तिला कळलं की चिटणीसांना आंबटाला दाद न देणारी टोपी कशाला हवी होती. फरशा कसल्या धुतात! कोकणात मासा मीठ, हळद आणि आगळ लावल्याशिवाय तव्यावर चढत नाही. जुनी टोपी घराघरातल्या आगळानं उडाली असती आणि घराघरात बोंब झाली असती. तिनं स्वतःच्या हातानं, मोठ्या हौसेनं, कोकमाचाही बंदोबस्त करून दिला होता.

हेमंत दारात उभा होता. तिनं विचारायच्या आधीच त्याच्या चेहऱ्यावर उत्तर होतं. तो तसा चिडलाही नाही, घाबरलाही नाही. सगळ्या बंदरावर बोटीच्या बंद कोठीतच नितळाचा फवारा मारतात, म्हणाला, ताजं कुठून आणू, खानावळ बंद करू का? तळल्यावर सगळे जंतू मरतात. आजपर्यंत कुणाला काय झालं?

“आणि आईंचं नाक?” वृषालीनं विचारलं.

तो जमिनीकडे बघून म्हणाला, “ती दर दुसरा क्रेट परत पाठवत होती गं, नुसत्या डोळ्यांनी बघून. काय करणार होतो? तिला वाटलं नाक गेलं, मी वाटू दिलं.”

आणि मग त्यानं ते वाक्य उच्चारलं, जे तो स्वतःच्या बचावासाठी, अगदी प्रेमानं, डोळ्यांत पाणी आणून म्हणाला. “पण आईला मी कधी शिळं घातलं नाही, वृषाली. तिच्या पानासाठी मी रोज गरीवाल्याकडून गळाला लागलेला एक ताजा मासा वेगळा आणायचो. आज तो आलाच नाही. एकच दिवस.”

म्हणजे घरचं पान वेगळं होतं. बाहेर रांगेतली माणसं ज्या ताटाकडे बघून विश्वास ठेवायची ते ताटच खोटं होतं, आणि म्हातारी त्या खोटेपणाचा मुखवटा होऊन रोज दारासमोर बसत होती. वृषालीनं आपल्या नवऱ्याकडे पाहिलं. वीस वर्षं ज्याच्या शेजारी झोपले तो माणूस इतका नितळ कधी झाला? त्याला स्वतःचाही वास येत नव्हता. तो तिचा हात धरायला पुढं आला आणि ती भिंतीपर्यंत मागे सरकली, झुरळ अंगावर आल्यासारखी.

चिटणीसांना फोन केला तर ते शांतपणे म्हणाले की मासळीच्या जिवावरच वॉर्डात पट्ट्या फुकट देता येतात, मासळी बंद तर पट्ट्या बंद, विचार करा. तिनं अन्न तपासणी कार्यालयात तक्रार केली. निरीक्षक आला, नाकयंत्र धरलं, हिरवा दिवा लागला, त्यानं सुरमईचं ताट मागवलं, बोटं चाटली आणि गेला. तक्रार करणारीनंच तो पदार्थ शोधलाय हे ऐकून तर त्याला फारच गंमत वाटली. प्रयोगशाळेतून तपासून घ्यायला आठवडे लागणार होते, बाधेचं खापर लोकांनी उन्हावर फोडलं होतं, आणि घरच्या पानावाचूनही रांग रोज लागत होती.

इस्पितळातून परत आलेली वच्छीबाय माजघरात पलंगावर भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. गिऱ्हाइकांनाही बाधा झाली हे तिला कळलं होतं. वृषालीनं पलंगाशेजारी बसून तिला सगळं सांगितलं, नितळ काय, टोपी काय, हेमंत काय, आपण काय. सांगताना तिला स्वतःवरच थुंकावंसं वाटत होतं. म्हातारीनं सगळं ऐकून घेतलं आणि सुनेच्या हातावर हात ठेवला. “तू माका बरा वाटाक सांगतंस,” ती म्हणाली. “माझाच नाक मेला. माझ्या नाकान लोकांचो घात केल्यान. आता हंयसर बसाचा तोंड नाय माका.”

लेकानं मारलेलं नाक सुनेच्या बोलण्यानं कसं जिवंत होणार? शब्दांचं ते काम नव्हतंच. ज्या नाकावरचा विश्वास गेला होता त्या नाकानंच साक्ष द्यायला हवी होती. मंगळवारी तिला कोल्हापूरच्या वॉर्डात जायचं होतं. हे चव्हाट्यावर आणून नितळावर एकदा बंदी आली की तिथं पुन्हा तोच वास, पुन्हा पिशव्या दारात. त्या मुलीला, त्या नर्सला तोंड दाखवायला तिलाच जावं लागणार होतं. तिनं ते मनाशी कबूल केलं आणि मग उठली.

मे महिन्यातला रविवार होता. ऊन असं की अंगणातल्या चिऱ्यांवर पाय ठेववत नव्हता. रांग फाटकाबाहेर गेली होती. वृषालीनं सासूला उठवलं, नवं लुगडं नेसवलं, हाताला धरून बाहेर आणलं आणि पहिल्या टेबलावर बसवलं. म्हातारी नको नको म्हणत होती. हेमंतला वाटलं, चला, बायको शुद्धीवर आली, घरचं पान सुरू झालं. तो आतून ताट आणायला वळला. वृषालीनं शीतखोलीतले क्रेट एकेक करून बाहेर ओढले आणि रांगेसमोर, भर उन्हात, चिऱ्यांवर मासे पसरायला सुरुवात केली.

“काय करतेस?” हेमंत दारातून म्हणाला.

“ऊन दाखवते,” ती म्हणाली.

रांगेतल्या पाहुण्यांनी फोन बाहेर काढले. कोकणात मासे वाळवतात हे त्यांना माहीत होतं, त्यांना फोटो हवेच होते. हेमंतला उन्हाचं काही ठाऊक नव्हतं. तो कपाळावर आठ्या घालून बघत राहिला, आणि गिऱ्हाइकांसमोर तमाशा नको म्हणून गप्प बसला. वृषाली मासे उलटेसुलटे करत होती. दोन्ही बाजूंना ऊन लागायला हवं होतं. तिच्या कोपरापर्यंत तो बुळबुळीत लगदा लागला होता आणि तिनं पदरानंसुद्धा तो पुसला नाही. उन्हाचे किरण एकेका टोपीला उडवत होते, साखळ्या टोकाकडून उसवत होत्या, इतक्या दिवसांचे दाबलेले रेणू खिशांतून बाहेर पडत होते. हे तिला दिसत नव्हतं, पण ठाऊक होतं.

पहिल्यांदा रांगेतल्या एका बाईनं इकडेतिकडे बघितलं. मग तिच्या नवऱ्यानं. मग तो वास असा उठला की ज्याला वास म्हणणं म्हणजे वासाचा अपमान. एका दिवसाचा सडका वास नव्हता तो, आठवड्यांचा होता, घडी घालून ठेवलेला आणि एका दमात उलगडलेला. रांग फुटली. माणसं कुंपणाकडे धावली, कुणी तिथंच ओकलं, कुणी फोन टाकून नाक धरलं. काल इथंच जेवलेला एकजण तोंडावर हात दाबून म्हणाला की हेच खाल्लं आपण, हेच. भिंतीवर टांगून ठेवलेल्या नाकयंत्राचा दिवा तांबडा झाला आणि ते कर्कश ओरडायला लागलं. आडबंदरात तो आवाज पहिल्यांदाच ऐकला सगळ्यांनी.

त्या सगळ्या गदारोळात वच्छीबाय एकटी टेबलावर ताठ बसली होती. तिनं नाकाला पदर लावला नाही. डोळे मिटून ती तो वास आत ओढत होती, एकदा, दोनदा, छाती भरून. बाकीच्यांना भडभडून येत होतं आणि म्हातारीच्या मिटल्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

“येता,” ती म्हणाली. “वास येता गो माका.”

वृषालीनं मान हलवली. वच्छीबायनं डोळे उघडले, अंगणातल्या माशांकडे पाहिलं आणि मग दारात उभ्या असलेल्या लेकाकडे. सुनेनं जे पलंगाशेजारी बसून सांगितलं होतं ते आता तिला पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकू आलं असणार, लवंगेच्या बाटलीसकट. ती उठली. खुर्ची टेबलासमोर नीट लावली.

“हेमू, बस हंय. आज घरचा पान तुझा.”

तिनं वृषालीला खूण केली. वृषालीनं चिऱ्यांवरचा एक बांगडा उचलला, मीठ-हळद आणि आगळ लावलं, रीत म्हणजे रीत, आणि तव्यावर घातला. तव्यावर तर तो वास नुसता पेटला. हेमंत बसला. इतक्या लोकांदेखत आई खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी असताना करणार काय? त्याच्या हातानं आपोआप खिशातून रुमाल काढला आणि नाकावर धरला.

“रुमाल काढ,” आई म्हणाली. “जेवताना नाक कोण धरता?”

वृषालीनं ताट आणून त्याच्यापुढं ठेवलं. भात, कढी, तळलेला तुकडा. कुंपणापलीकडे गेलेली माणसं एकेक करून फाटकाशी परतली होती. नाकाला पदर, रुमाल, जे हाताशी असेल ते लावून ती उन्हात उभी राहिली होती आणि नेहमीसारखीच घरचं पान संपायची वाट बघत होती.